डांबर संपल्यावर पुढे: पहिली ड्युअल-स्पोर्ट बाईक कोणती, आणि तिची देखभाल घरी जमते का?

पायवाट

नमस्कार मंडळी,

आठवडाभर चिंचवडची कंपनी आणि रविवारी सह्याद्री, असा माझा कार्यक्रम. आजवरचं सगळं फिरणं दीडशे सीसीच्या साध्या बाईकवर झालं. हल्ली मात्र किल्ल्यापेक्षा किल्ल्याच्या पायथ्यापर्यंतचा रस्ताच जास्त खुणावतो. वेल्ह्याहून पासली-केळदकडे किंवा पवनेच्या मागच्या अंगाला डांबर संपून मुरूम आणि धोंडे लागले, की गाडीचं पोट आपटतं, सायलेन्सर घासतो आणि मुकाट्याने परत फिरावं लागतं.

तर आता रोज ऑफिसलाही नेता येईल आणि कच्च्यातही उतरेल अशी गाडी, म्हणजे ड्युअल-स्पोर्ट, घ्यायची आहे. बजेट दोन, फार तर सव्वादोन लाख. उंची पाच फूट तीन इंच, आणि खरी धास्ती तिचीच. हीरोची एक्सपल्स, रॉयल एनफिल्डची हिमालयन की केटीएम? नवी की जुनी? शिकायचं कुठे?

आणि महत्त्वाचं, देखभाल घरी किती जमू शकते? दहा-बाराचा पाना हातात धरता येतो, त्यापलीकडे पाटी कोरी. पण आडरानात गाडी बंद पडली तर फोनला रेंज असेलच असं नाही, त्यामुळे थोडं तरी आपलं आपल्याला यायला हवं असं वाटतं.

घाटमाथा

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर.

चिखल्या

मित्रा, डोळे झाकून हिमालयन ४५० घे. ४५२ सीसी, पाणी-गार इंजिन, ४० पीएस. बंगळूर हायवेला दिवसभर शंभरने पळव, पुढे कच्च्यात उतर, काही बोलत नाही. सीट कमी उंचीची मिळते, ८०५ मिमीची. बजेट थोडं ताणावं लागेल, पण गाडी एकदाच घेतो आपण. दोनशे सीसीची घेऊन वर्षभरात कंटाळलेले बरेच पाहिलेत.

पाना_दहाबारा

चिखल्याशेठ, थोडं नाही, बरंच ताणावं लागेल. आणि पैशाचं सोडा, वजनाचं काय? ती गाडी १९६ किलो भरते. जुनी ४११ तर १९९. एक्सपल्स २०० फोरव्ही १६०च्या आसपास आहे. हा ३५-४० किलोंचा फरक हायवेला कळतही नाही. केळदच्या अलीकडे ओल्या मुरमात गाडी आडवी झाली आणि तुम्ही एकटे असलात, की प्रत्येक किलो कळतो.

नवशिक्याने कच्च्यात गाडी पाडायचीच असते. त्याशिवाय शिकणं होत नाही. त्यामुळे माझा निकष एकच: पडलेली गाडी एकट्याला, दमलेल्या अवस्थेत, तिसऱ्यांदा उचलता येते का? येत नसेल तर ती गाडी तुमची नाही, मग ताकद कितीही असो.

उचलायची रीतही आधी घरी शिका. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये टाका म्हणजे घरंगळणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साईड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचलल्या उचलल्या पलीकडे जाईल. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून खाली बसा, एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या कॅरिअरला, आणि कंबरेतून न उचलता पायांनी रेटत बारीक बारीक पावलं मागे टाका. पार्किंगमध्ये जुनी सतरंजी घालून गाडी हळूच आडवी करा आणि सराव करा. सोसायटीवाले वेड्यात काढतील, काढू देत.

पायवाट

@चिखल्या, मित्रा नाही, मैत्रीण म्हणा. :)

@पाना_दहाबारा, हे उचलण्याचं सोनं आहे. शोरूममध्ये हे कुणीच सांगत नाही.

चिखल्या

क्षमस्व ताई! धाग्यात "करतो-करते" कुठेच नव्हतं हो, मी तरी काय करणार.

पण हिमालयनवर मी ठाम आहे.

अप्पा_यझदी

आमच्या वेळी ड्युअल-स्पोर्ट वगैरे काही नव्हतं, रस्ताच ड्युअल होता.

राजदूतवर दुधाचे चार कॅन लावून लोक नदी ओलांडत. यझदीवर आम्ही तिघे जण, हो तिघे, माळशेज उतरलोय. टायर कसले? जे होते ते. आता बघावं तर २१ इंची चाक, लाँग ट्रॅव्हल, अमुक मोड, तमुक मोड.

सडेकर

अप्पा, +१. आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला खरी ड्युअल-स्पोर्ट म्हणजे बजाज एम-८०. मासळीच्या पाट्या, आंब्याच्या पेट्या, गॅसचा सिलिंडर, जांभ्याच्या पाखाडीवरून थेट परड्यात. आता तिची जागा टीव्हीएस एक्सएलने घेतलीय. शंभर सीसीसुद्धा पूर्ण नाही, वजन नव्वदच्या आत. मुंबईहून आलेली रायडर मंडळी चढावर गुडघ्याला गार्ड बांधून गाडी ढकलत असतात आणि शेजारून आमचे काका लुंगी सावरत, पुढे तांदळाचं पोतं ठेवून, "काय वो, मदत हवी काय?" विचारत जातात.

सांगायचं ते हेच, की पाना साहेब म्हणतात ते खरं. वजन!

केतकी_के

पायवाट, माझी उंची तुझ्याहून एक इंच कमी आहे आणि मी एक्सपल्स चालवते, तेव्हा उंचीवर मीच लिहिते.

सीट ८२३ मिमी. आपले दोन्ही पाय टेकणार नाहीत, आणि टेकायची गरजही नाही. सिग्नलला डावी कुल्ली थोडी सीटवरून खाली सरकवायची आणि डावा पाय पूर्ण टेकवायचा. उजवा मागच्या ब्रेकवर. हे एकदा अंगवळणी पडलं की विचारही करावा लागत नाही. अवघड जागा दोनच: खड्ड्यात थांबणं आणि चढावर मागे वळणं. त्यासाठी थांबायच्या आधी कुठे थांबायचं ते बघायची सवय लावून घे. जिथे डावीकडची जमीन उंच तिथे थांब.

फोम थोडा कापून घेतला तर वीस-पंचवीस मिमी मिळतात, ते करायला हरकत नाही. लोअरिंग लिंक मात्र लगेच लावू नकोस. त्याने गाडीच खाली येते, म्हणजे ज्या २२० मिमी ग्राउंड क्लिअरन्ससाठी पैसे मोजले तोच घालवला. साईड स्टँडही मग लांब पडतो आणि गाडी उभी राहात नाही. आणि शोरूममध्ये साध्या चपलेवर बसून निर्णय घेऊ नकोस. जाड सोलचे रायडिंग बूट घालून बस, फरक कळेल.

एक्सपल्सच्या प्रो व्हेरिएंटकडे बघूसुद्धा नकोस. ती ८९१ मिमी आहे, तिच्यावर चढायला स्टूल लागेल. नवी एक्सपल्स २१० बघू शकतेस, ८३० मिमी आणि पाणी-गार इंजिन, हायवेला जास्त निवांत. पण वजन १६८ झालंय.

घाटमाथा

आता माझं. केटीएम ३९० ॲडव्हेंचर जुन्या मॉडेलला पुढे १९ इंची चाक होतं. धोंड्यांवर २१ इंची जास्त सहज चढतं. बाकी गाडी उत्तम आहे, पण शिकाऊ हातात तेवढी ताकद चिखलात मागचं चाक फिरवण्यापलीकडे काही करत नाही. एक्सपल्सची एकोणीस अश्वशक्ती कच्च्यात पुरून उरते. हायवेला मात्र ऐंशी-नव्वदच्या पुढे ती मजेत नसते, हे आधी स्वीकारावं लागतं. घाट संपून एक्सप्रेसवेला समांतर जुन्या हायवेवर आलात की ट्रक हॉर्न मारणार.

टायरमधली हवा कच्च्यात कमी करा, हे कुणी सांगितलं नाही अजून. मी सरळ पंधरा पीएसआयवर आणतो, पकड दुप्पट.

पाना_दहाबारा

@घाटमाथा, पंधरा? ट्यूबच्या टायरला? सह्याद्रीच्या धोंड्यांत?

वाळूत, मऊ मातीत ठीक. आपल्याकडे टोकदार बेसाल्ट आहे. हवा एवढी कमी असली की दगडावर टायर दबून ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते. पंक्चर काढताना ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर समजावं, खिळा नव्हता, चिमटा होता. दोन चिरांवर पॅच नीट बसत नाही. शिवाय रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरणारा क्लॅम्प) नसेल तर कमी हवेत टायर रिमवर फिरतो आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. नवशिक्याने मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा चार-पाच पीएसआय कमी करावी, विसाच्या खाली जाऊ नये. आणि डांबरावर परत येताना भरून घ्यावी, त्यासाठी छोटा पंप जवळ हवाच.

घाटमाथा

माझ्या रिमला टेप मारून ट्यूबलेस केलंय, म्हणून जमतं. ते लिहायचं राहिलं. बाकी मान्य.

पाना_दहाबारा

आता देखभाल. ताईंनी विचारलेला मुख्य प्रश्न तोच होता आणि आपण गाड्यांवर भांडत बसलो.

पहिलं शिकायचं ते चाक काढणं. इंजिन उघडायचं स्वप्न नंतर बघा. स्पोकची चाकं म्हणजे ट्यूब, आणि ट्यूब म्हणजे रस्त्याकडेला बसून टायर उकलणं. गावात पंक्चरवाला असतो, तो पॅच मारून देतो, पण २१ इंची ट्यूब त्याच्याकडे नसते. ती आपल्याजवळच हवी. पुढची २१ची ट्यूब अडीनडीला मागच्या १८च्या टायरमध्येही कोंबून गावापर्यंत येता येतं, उलटं जमत नाही. म्हणून एकच न्यायची तर २१ची न्या.

सोबत टायर लिव्हर तीन, ॲक्सलला बसणारा पाना, व्हॉल्व्ह काढायची किल्ली, पॅच, सोल्युशन, साबणाची वडी. पुढचं चाक काढलं की ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका. मध्ये डिस्क नसल्याने पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत जात नाही. पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवा. टायर चढवताना पलीकडची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरली की अलीकडची कड हाताच्या जोरावरही येते. लोक तिथेच ताकद लावतात आणि लिव्हरने नवीन ट्यूबला भोक पाडतात.

चेन. पाचशे किलोमीटरला साफ आणि ल्यूब (वंगण), पावसात आणि धुळीत त्याच्याही आधी. ल्यूब चेनच्या आतल्या बाजूला, गाडी चालून गरम असताना. ढिलाई मॅन्युअलप्रमाणे ठेवा आणि चेन जिथे सर्वांत ताठ असेल तिथे मोजा. साध्या बाईकच्या सवयीने चेन ताठ करू नका. या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन लांब हलतं, तुम्ही बसलात आणि खड्ड्यात गेलात की चेन आणखी ताणली जाते. मग मार बसतो गिअरबॉक्सच्या बेअरिंगला.

एअर फिल्टर. मे महिन्यात पुढच्या गाडीच्या धुळीत दिवस घातला तर फिल्टर उघडून बघाच. फोमचा असेल तर धुऊन, वाळवून, फिल्टर ऑइल लावून परत. तेलकट कागदी असेल तर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तो बदलायचाच असतो. हवा मारून स्वच्छ दिसतो, पण धूळ आत जायला वाट मोकळी होते.

स्पोक पान्याने एकेक वाजवून बघा. ताठ स्पोक टणकन वाजतो, सैल बद्द. एखाद-दुसरा सैल असेल तर पाव फेरा आवळा. बरेच सैल असतील तर चाक ट्रू, म्हणजे सरळ, करणाऱ्याकडे न्या, ते अंदाजाने करायचं काम नाही.

इंजिन ऑइल मॅन्युअलच्या ग्रेडचंच, डब्यावर जासो एमए किंवा एमए-टू (बाईकच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं. कारचं उरलेलं घालू नका, क्लच घसरेल.

आणि एक फुकटातली गोष्ट. क्लच-ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प अगदी घट्ट आवळू नका. पडल्यावर लिव्हर फिरला पाहिजे, तुटायला नको.

वाचनमात्र_विन्या

वाचनखूण साठवली. गाडी नाही माझ्याकडे, पण तरी.

चिखल्या

चेन साफ करायला काय वापरता? मी डिझेल.

अप्पा_यझदी

रॉकेल! पन्नास वर्षं रॉकेल!

चिखल्या

अप्पा, रॉकेल मिळतं कुठे आता? रेशनकार्ड दाखवून?

पाना_दहाबारा

डिझेल चालेल, नंतर पुसून ल्यूब लावा. पेट्रोल नको, चेनमधल्या रबरी ओ-रिंगची वाट लागते. तारेचा ब्रशही नको.

गोदाकाठी

परभणीहून लिहितोय. तुम्ही सगळे मुरूम-धोंड्यांवर बोलताय, एकदा जुलैत आमच्या काळ्या रानात या. शंभर पावलांत माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी गच्च बसते की पुढचं चाक फिरायचंच बंद होतं. क्लच जळतो, गाडी जागची हलत नाही. टायर कोणताही घाला, त्याच्या खाचा भरून लोण्याचा गोळा होतो. उंच मडगार्ड असलेली गाडी थोडी तग धरते. खालचा मडगार्ड असेल तर आमची पोरं तो काढूनच ठेवतात. काठीने माती उकरत बसायचं, नाहीतर ऊन पडायची वाट बघायची. दुसरा इलाज नाही.

पायवाट

@गोदाकाठी, हे तर डोक्यातच आलं नव्हतं. पाण्याचं काय? पाऊस तोंडावर आलाय.

घाटमाथा

ओढा दिसला की आधी चालत ओलांडा. चालत जमत नसेल तर गाडीवर मुळीच नाही. पाणी गढूळ आणि वाहतं असेल तर गुडघ्याएवढंसुद्धा खूप होतं. पहिल्या गिअरमध्ये एकसारखा वेग, मध्ये क्लच दाबायचा नाही. गाडी पाण्यात पडून बंद झाली तर स्टार्टर मारू नका! सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, फिल्टर बॉक्स रिकामा करा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर काढा. ऑइल दुधट दिसलं तर बदलल्याशिवाय चालू करू नका. या नुकसानीला साधा विमा सहसा हात वर करतो, हेही लक्षात असू द्या.

पावसाळा संपला की मागच्या सस्पेन्शनची लिंकेज, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि हँडलचे बेअरिंग उघडून ग्रीस. सर्व्हिसला देताना हे वेगळं लिहून द्यावं लागतं, नेहमीच्या सर्व्हिसमध्ये ते कुणी उघडत नाही.

कोलोरॅडोकर

मूळचा नाशिकचा, आता डेन्व्हरजवळ. इथे ड्युअल-स्पोर्ट म्हणजे सुझुकीची डीआर ६५०, कावासाकीची केएलआर ६५० अशी दणकट, जुन्या घडणीची एकसिलिंडरी जनावरं. दशकानुदशकं जवळपास तीच गाडी, त्यामुळे सुटे भाग आणि माहिती दोन्ही मुबलक.

तुमच्या चर्चेत मला एक गोष्ट जाणवली. इथे वन खातं नकाशा काढतं, कोणत्या वाटेवर कोणतं वाहन आणि वर्षाच्या कोणत्या काळात, ते त्यात असतं. नकाशावर नाही म्हणजे परवानगी नाही. तुम्ही कसं ठरवता कुठे जायचं?

सडेकर

कोलोरॅडोकरांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. बहुतेक जण ठरवतच नाहीत, टायरची खूण दिसली की घुसतात.

आमचे सडे (जांभ्याची पठारं) बघून लोकांना वाटतं, मोकळं माळरान आहे, पळवा गाड्या. त्याच जांभ्यावर कातळशिल्पं आहेत. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कशेळीचा तो प्रचंड हत्ती. २०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कित्येक अजून मातीखाली आहेत, कुंपण नाही, पाटी नाही. त्यावरून नॉबी (मोठ्या गाठींचा) टायर फिरवला की काय होईल ते सांगायला नको. पावसात त्याच सड्यावर दोन बोटं मातीत फुलं येतात, चाकाची एक खूण पुढल्या वर्षीही दिसते. कासचं तेच.

अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प तर वर्ज्यच, कोयना-चांदोली असो की भीमाशंकर. आतल्या गावाला जाणारा सार्वजनिक रस्ता असेल तर त्यावरून जा, पण बाजूच्या वाटेला लागू नका. भाताच्या बांधावरून गाडी घालू नका. बेडं (कुंपणाचं फाटक) उघडलंत तर लावून पुढे जा. आणि ती फटाके फोडणारी सायलेन्सर... गावात म्हातारी माणसं असतात, गुरं बुजतात. कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा लावणं मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात बसतही नाही.

वाट गावात विचारायची. पाराखाली बसलेला माणूस तुमच्या ॲपपेक्षा जास्त सांगतो, आणि जाऊ नको म्हणाला तर जायचं नाही.

चिखल्या

सडेकर, दंडवत. सायलेन्सरच्या वाक्याला मी मान खाली घालून गप्प बसतोय.

वाचनमात्र_विन्या

फोटो?

केतकी_के

शिकायचं कुठे हा प्रश्न राहिलाच. पुण्या-मुंबईच्या आसपास डर्ट पार्क आहेत, एक-दोन दिवसांचे वर्ग घेतात, गाडीही त्यांचीच मिळते. कोलारजवळ बिग रॉक डर्ट पार्क आहे, २०१५ साली डाकार रॅलीत उतरलेला पहिला भारतीय सी. एस. संतोष याने उभा केलेला. खर्चिक वाटेल, पण पडायला दुसऱ्याची गाडी आणि मऊ माती मिळते.

तोवर घराजवळच्या मोकळ्या मैदानात उभं राहून चालवायचा सराव कर. गुडघ्यांनी टाकी पकडायची, हातावर भार नाही, कोपरं बाहेर, नजर लांब. चाकापुढच्या दगडाकडे बघितलंस तर त्याच दगडावर जाशील. मागचं चाक घसरू दे, घाबरून पुढचा ब्रेक दाबू नकोस. संथ वेगात आठचा आकडा काढ, क्लच एका बोटाने. मांड्या दुखल्या म्हणजे बरोबर चाललंय.

गार्डचे पैसे गाडीच्या बजेटमधून आधीच बाजूला काढ. हेल्मेट, गुडघे, कोपरं, ग्लोव्हज आणि बूट. पाचांत एकच चांगलं घ्यायचं तर हेल्मेटनंतर बूट. कच्च्यात मोडतो तो घोटा, गाडीखाली पाय येऊन.

पायवाट

सगळ्यांचे आभार. काल दोन्ही गाड्यांवर बसून आले, बूट घालून. चिखल्या दादा, हिमालयनवर पाय छान टेकले, पण सेल्समनला म्हटलं जरा आडवी करून उचलून बघू का, तर त्याने चहा मागवला आणि विषय बदलला.

एक्सपल्स फोरव्ही पक्की. नवी न घेता दोन वर्षं वापरलेली घ्यावी, उरलेल्यात गार्ड आणि वर्ग होईल, असा हिशोब आहे. भोसरीत एक बघितलीय. काय तपासू?

पाना_दहाबारा

पुढचं चाक उचलून हँडल सावकाश एका टोकाकडून दुसऱ्याकडे न्या. मध्ये कुठे खटका लागला तर बेअरिंग गेलं. फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का बघा. चाक फिरवून रिमचा डेंट बघा, बारीक चालेल, हेलकावा नको. मागचं चाक धरून आडवं हलवा, खेळ असेल तर स्विंगआर्म किंवा बेअरिंग. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला आकड्यासारखे वाकले असतील तर चेनसेटचा खर्च किमतीतून वळता करा. इंजिनाखालची बॅश प्लेट काढायला लावा. वरून चकचकीत गाडी तिथे खरं बोलते, फ्रेमच्या नळ्या चेपल्यात का ते दिसतं. आणि इंजिन थंड असतानाच बघायला जा. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणा.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते ऑनलाइन दिसतं. असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.

अप्पा_यझदी

भोसरीत कुठे? मी आळंदी रोडला राहतो. रविवारी सकाळी येतो बघायला, बेअरिंगचा खटका मला कान लावल्याशिवाय कळतो. चहा मात्र सेल्समनचा नको.

पायवाट

अप्पा, नक्की या! संपर्काचा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

चिखल्या

तिघे बसून येऊ नका फक्त.